कुडकुडणाऱ्या माद्यांची मावशी

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती मावशी झाली. बहिणीला मूल झालं म्हणावं, तर तिला बहीणच नव्हती. संशोधन संस्थेच्या उंदीरघरात तिच्या आधी जी बाई कामाला होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. ती निवृत्त झाली आणि किल्ल्यांचा जुडगा, रबरी बूट आणि मावशी हे नाव एकदमच हिच्या पदरात पडलं. बूट पायाला सैल होते आणि नावही जरा सैलच होतं. पण टक्कल पडलेला शिपाईसुद्धा जेव्हा 'मावशी, बरं आहे ना?' म्हणून विचारू लागला, तेव्हा तिनं तक्रार करणं सोडून दिलं.

उंदीरघर इमारतीच्या तळाशी होतं. खिडकी एकही नाही. दिवे आपोआप लागत आणि आपोआप मालवत, त्यामुळे बाहेर ऊन असो की ढग, उंदरांचा दिवस ठरल्या वेळी उगवायचा. भिंतींना लागून लोखंडी मांडण्या, त्यांवर बुटांच्या खोक्याएवढे प्लास्टिकचे पिंजरे, आणि प्रत्येकावर पाण्याची उलटी बाटली. मावशीचं काम ऐकायला सोपं होतं: भुसा बदलायचा, पिंजरे धुवायचे, खाद्याच्या गोळ्या आणि पाणी भरायचं. वासाचं म्हणाल तर सुरुवातीला तिचं डोकं उठायचं. पुढे तो वास तिच्या केसांत मुक्कामाला आला आणि नवऱ्याखेरीज कुणाला जाणवेनासा झाला.

या कामात नियम एकच, आणि तो दारावर ठळक अक्षरांत चिकटवलेला होता: सगळ्या पिंजऱ्यांत सगळं सारखं. एकाला दोन मुठी भुसा, तर सगळ्यांना दोन मुठी. अंथरायला कागदाचा एक तुकडा, तर सगळ्यांना एकच. आवडता-नावडता हा प्रकार नाही. असा नियम आमच्या घरात हवा होता, असं मावशी म्हणायची, कारण तिच्या आईचा तिच्या भावावर उघड उघड जास्त जीव होता.

गेल्या वर्षी मावशीला दिवस गेले होते. स्वभावच असा की पोटात गोष्ट ठरत नाही. तिनं सासूबाईंना सांगितलं, आईला फोन केला, शेजारणीला सांगितलं, शिपायाला सांगितलं, आणि कुणाला सांगायचं उरलं नाही तेव्हा भुसा बदलता बदलता उंदरांनाही सांगितलं. तिसरा महिना लागायच्या आत तिला ताप भरला. अंग इतकं कुडकुडत होतं की खाट वाजायची. ताप उतरायच्या आधीच पोटातलं गेलं. मग सांगितलेलं सगळं परत घ्यायची वेळ आली, आणि ते काम सांगण्याच्या कितीतरी पट जड असतं. शेजारणीला सांगायचं तर तिला धाडसच झालं नाही. ती बिचारी पुढे कित्येक दिवस जिन्यात भेटली की 'जपून उतर गं' म्हणायची, आणि मावशी खरोखर कठड्याला धरून जपून उतरायची.

त्यानंतर घरात सुरू झाला तपास. माणसाच्या घरात दुःख आलं की त्याच्यामागून कारण शोधणारे येतातच, आणि मला तर हे दुसरे पाहुणे पहिल्याहून जास्त दिवस मुक्काम करतात असं दिसतं. सासूबाई घरीच शिवणकाम करायच्या, लोकांच्या विजारी आखूड किंवा सैल करून द्यायच्या. ओठांत टाचण्या धरून, मशीनवरून मान वर न करता त्यांनी निकाल दिला, "गोण्या उचलल्यास. भुशाच्या गोण्या. मी सांगत होते."

आई फोनवर म्हणाली, "तापाकडे दुर्लक्ष केलंस. लहानपणापासून तुझी सवयच ती."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टला कारण असतंच आणि ते चार स्क्रू उघडले की सापडतंच, अशी त्याची ठाम समजूत. तो म्हणाला, "त्या उंदरांचंच काहीतरी असणार. तू सारखी त्यांच्यात." त्याआधीच्या आठवड्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, त्याबद्दल मात्र तो बोलला नाही, आणि म्हणूनच मावशीला वाटलं की कारण बहुतेक तेच असावं.

दवाखान्यातली डॉक्टरीण तेवढी म्हणाली, "होतं असं. बऱ्याच जणींना होतं. कारण सापडेलच असं नाही." हे उत्तर घरात कुणालाच पटलं नाही. एवढी फी घेऊन कारण नाही म्हणजे काय, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. शेवटी उंदीर सोडून बाकी सगळी कारणं मावशीनं ठेवून घेतली. सकाळी गोण्या, दुपारी ताप, संध्याकाळी भांडण, असं ती पाळीपाळीनं स्वतःला दोषी धरायची. सगळे विचारत होते आणि ती उत्तरं देत होती. बाकी कशाला सवड झाली नाही.

अशात उंदीरघरात नवीन संशोधक आल्या. त्यांना सगळे बाई म्हणत. बाई उंच, घाईच्या आणि बोलक्या होत्या. हात कामात असले तरी तोंड थांबायचं नाही. पोटुशा माद्यांना जंतूंच्या कवचाचा अगदी सूक्ष्म अंश टोचायचा, जिवंत जंतू नव्हे, नुसतं कवच, आणि मग त्या माद्यांची पिल्लं पोटात टिकतात की नाही ते बघायचं, असं त्यांचं काम. टोचलं की माद्यांना ताप आल्यासारखं व्हायचं. त्या पाठीचं कुबड करून कोपऱ्यात बसायच्या, केस पिंजारायचे आणि अंग थरथरायचं. पुढे बाई त्यांची पोटं उघडून बघत. गर्भाशय म्हणजे ओवलेल्या मण्यांची माळ. काही मणी टपोरे, गुलाबी, तर काही काळवंडून विरघळत आलेले. मावशी ते पाहायला थांबायची नाही. टोचताना मादीला नीट धरून ठेवायचं काम मात्र तिच्याकडे आलं, कारण तिच्या हातात उंदीर घाबरत नसत.

"कशानं जातं पण?" एकदा तिनं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

"तेच तर शोधतेय," बाई म्हणाल्या. "गांजा माहीत आहे ना? त्यातला जो अंश डोक्यात चढतो, तो शरीरातल्या एका कुलपाला लागतो. आता शरीर काय गांजासाठी कुलूप करून ठेवेल का? शरीर स्वतःच त्या कुलपाच्या किल्ल्या बनवत असतं. मेंदूत बनवतं, पोटात बनवतं, गर्भाशयातसुद्धा बनवतं. जंतुसंसर्ग झाला, अंगात दाह भडकला की गर्भाशयात या किल्ल्या फार होतात. भराभर कुलपं फिरतात, आणि गर्भ टिकत नाही. निदान उंदरांत तरी बहुधा असंच."

"शरीर स्वतःच बनवतं?"

"स्वतःच. आणि या पलीकडच्या मांडणीवरच्या माद्या आहेत ना, त्यांना ते कुलूपच नाही. जन्मतःच नाही. त्यांना तेच टोचलं तर बऱ्याच जणींची पिल्लं टिकतात."

मावशी विचारात पडली. मादी तिच्या मुठीत नाक हलवत होती. "म्हणजे किल्ल्या वाईट."

"वाईट कशा? थोड्या लागतातच. गर्भ रुजायचा तर त्या अगदी बेतात असाव्या लागतात. जास्त झाल्या तरी पंचाईत, फार कमी झाल्या तरी पंचाईत. बिनकुलपाच्या माद्यांचंही सगळं सुरळीत नसतं. त्यांचे काही गर्भ वाटेतच अडकतात."

"मग किती असाव्यात?"

"बेताच्या," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळल्या. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की त्या किल्ल्यांतल्या एका रसायनाचं नाव आनंद या शब्दावरूनच ठेवलंय. मावशीला वाटलं, ज्यानं ठेवलं त्याला कधी ताप आला नसावा.

घरी जाऊन तिनं हे नवऱ्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "गांजा? तुमच्या ऑफिसात गांजा आहे?"

"अहो, गांजा नाही. शरीराचा स्वतःचा."

"तुझ्या शरीरात गांजा आहे?"

"तुमच्याही आहे."

"मी आयुष्यात विडीसुद्धा ओढली नाही," तो दुखावून म्हणाला. मशीन थांबवून सासूबाईंनी विचारलं की कोण गांजा ओढतंय, आणि ते प्रकरण तिथेच मिटवावं लागलं. पण मावशीच्या डोक्यातून काही ते जाईना. इतके दिवस तिच्यापुढे तीन कारणं होती, आता हे चौथं आलं, आणि हे सगळ्यात विचित्र. हिच्याच अंगानं हिच्याच अंगात काहीतरी बनवायचं आणि हिचंच घालवायचं. याचा राग करायचा तर कुणावर? गोण्या निदान बाहेरच्या होत्या.

त्या गोंधळात असतानाच तिला पुन्हा दिवस गेले.

या वेळी तिनं ताकास तूर लागू दिली नाही. नवऱ्याला सांगितलं, तेही त्यानं सलग दोन दिवस 'काय झालंय, काय झालंय' करून भंडावून सोडलं म्हणून. सासूबाईंना सांगितलं नाही. संस्थेत तर नाहीच, कारण टोचायच्या खोलीत पोटुशा बायकांना जायची मनाई होती, आणि तिला त्या खोलीत जायचंच होतं. का जायचं होतं, हे तिला तेव्हा विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. आपलं काय झालं ते तिथे कुणाला तरी कळणार आहे, असं काहीसं तिच्या मनात होतं. आपण नसताना कळलं तर आपल्याला कोण सांगणार?

आणि नेमका दात सुजला. उजवीकडची खालची दाढ, वर्षानुवर्षं कुरकुर करणारी, या वेळी चांगलीच पेटली. गाल फुगला. मावशीची पाचावर धारण बसली. दाह, दाह, दाह. बाईंच्या तोंडून तो शब्द तिनं इतक्या वेळा ऐकला होता की तिला आता गालात कुलपं फिरल्याचे आवाज यायचेच बाकी होते. दाढ काढावी, तर अशा दिवसांत दाताला हात लावू नये हे सासूबाईंचं मत तिला ठाऊक होतं. शेजारच्या सुनेच्या वेळी त्यांनी ते जिनाभर ऐकवलं होतं. न काढावी, तर सूज पोटापर्यंत जाईल. सुईची भीती, औषधाची भीती, नुसतं बसून राहण्याचीही भीती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू म्हणशील तसं," आणि अशा वेळी या वाक्याइतकं निरुपयोगी वाक्य जगात दुसरं नाही. ती मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत राहिली आणि गालावर ओढणी घेऊन कामावर जात राहिली.

त्या खेपेला बाईंनी दोन्ही मांडण्यांवरच्या माद्यांना टोचलं. एकीकडे साध्या, एकीकडे बिनकुलपाच्या. टोचून बाई वर गेल्या आणि मावशी भुशाची बादली घेऊन मागे राहिली. थोड्या वेळात माद्या कुडकुडू लागल्या. हे तिनं पूर्वी पाहिलं नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी ते तिच्यानं बघवेना. एका मादीनं आपला कागदाचा तुकडा अंगाखाली ओढला, तो पुरेना, मग पुन्हा बाहेर काढून दुसऱ्या बाजूनं ओढला. मावशीनं इकडेतिकडे पाहिलं. मग मऊ कागदाची एक जाड घडी घेतली, फाडली, पिंजून कापसासारखी केली आणि आत टाकली. मादीनं लगेच ती ओढून घेतली आणि आत शिरून बसली. मग शेजारचीलाही दिली. मग जिची जिची थरथर जास्त दिसली, तिला तिला दिली. दारावरचा नियम पाठीमागे होता, आणि पाठीमागचा मजकूर वाचता येत नाही, अशी सोयीची समजूत तिनं करून घेतली. दुसऱ्या दिवशी बाई येण्याआधी तिनं सगळा जादा कागद काढून टाकला.

बाईंनी पोटं उघडून पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. ज्या साध्या माद्यांची पिल्लं जायला हवी होती, त्यांतल्या पुष्कळ जणींची टिकली होती. ज्या बिनकुलपाच्या माद्यांची टिकायला हवी होती, त्यांतल्या काहींची गेली होती. बाई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. सुई बदलून पाहिली, कुपीवरची तारीख पाहिली. "मला काही कळेनासं झालंय, मावशी," त्या म्हणाल्या. बाईंसारख्या बाईंनाही कळेनासं होतं हे ऐकून मावशीला आधी बरं वाटलं, आणि मग फार भीती वाटली.

पुढच्या खेपेला टोचून झाल्यावर बाई पेन विसरल्या म्हणून परत खाली आल्या. मावशीचा हात पिंजऱ्यात होता.

"हे काय चाललंय?"

"कागद देतेय."

"कागद मलाही दिसतोय. एवढा कशाला?"

"थंडी वाजतेय त्यांना."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "मागच्या खेपेलाही दिलात?"

"हो."

"सगळ्यांना?"

"नाही. ज्या जास्त कुडकुडत होत्या त्यांना."

"कुठल्या कुठल्या?"

मावशीनं मांडणीकडे पाहिलं. ही नक्की. ही बहुतेक. ती कोपऱ्यातली, की तिच्या खालची? तिला आठवेना, आणि आठवेना म्हटल्यावर तिची मान खाली गेली.

बाई चिडल्या. आवाज न चढवता चिडल्या, म्हणून ते जास्त लागलं. "माझी सगळी मेहनत पाण्यात गेली, कळतंय का तुम्हाला? आता मी काय सांगणार? साध्या माद्यांची पिल्लं टिकली, ती ऊब मिळाली म्हणून, की त्यांना ताप मुळातच कमी आला म्हणून, की नुसती योगायोगानं? बिनकुलपाच्यांची गेली, ती कशानं? जादा कागद मिळाला नाही म्हणून? की मिळाला म्हणून? सगळं एकात एक मिसळलंत. या माद्या जिवानिशी गेल्या आणि त्यांच्याकडून मला एक अक्षर कळलं नाही."

ते शेवटचं वाक्य मावशीला फार टोचलं. आपण दया केली असं तिला वाटत होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच होतं.

"मग माझं?"

"तुमचं काय?"

आणि मावशीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ताप होता. गोण्या उचलल्या होत्या. त्याआधी भांडण झालं होतं. डॉक्टरकडे उशिरा गेले. "यातलं कशानं गेलं माझं? तुम्ही यावरच तर शिकलात. तुम्ही सांगा."

बाई रागात होत्या, तो राग कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. त्या स्टुलावर बसल्या. "मावशी, कसं सांगणार मी? एकट्या एकीचं असं सांगताच येत नाही. मला इतक्या माद्या लागतात, त्यांचं एक गोष्ट सोडून बाकी सगळं सारखं ठेवावं लागतं, आणि एवढं करून मी शेवटी बहुधा म्हणते. तुम्ही एकट्या होता. तुमचं सगळं एकाच वेळी झालं."

"म्हणजे गोण्यांनी नाही?"

"माहीत नाही. मला नाही वाटत."

"तापानं?"

"तापानं होऊ शकतं. तुमचं तापानंच झालं, असं मी म्हणणार नाही. कशाचाही संबंध नसताना, गर्भातच काही कमीजास्त असलं म्हणूनही पुष्कळदा जातं."

"मग सासूबाईंना कसं माहीत?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "त्यांनाही माहीत नाही, मावशी. कुणालाच माहीत नाही."

मावशी भुशाच्या गोणीवर बसली. तिला हलकं वाटायला हवं होतं आणि तसं काही वाटेना. वर्षभर ती आरोपी होती. आता खटलाच चालू शकत नाही म्हणून कुणीतरी कागद बंद केले होते. सुटली म्हणावं तर निर्दोष ठरली नव्हती. पण मग दोषी तरी कुणी ठरवलं होतं तिला? ज्यांना ज्यांना कारण माहीत होतं, त्या सगळ्यांची तोंडं एकेक करून तिच्यापुढे आली, आणि त्यांत सगळ्यात मोठं तोंड तिचं स्वतःचं होतं.

"गाल का सुजलाय?" बाईंनी मध्येच विचारलं. मावशीनं ओढणी सावरली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग तिच्या हाताकडे, जो पोटावर होता. "मावशी. दिवस गेलेत?"

मावशीनं मान डोलावली.

बाई अशा उठल्या की स्टूल पडलं. त्यांनी तिला दंडाला धरून खोलीबाहेर काढलं, आणि मग रागाची जी काही शिल्लक होती ती सगळी ओतली: सुई हातात घुसली असती तर, अक्कल कुठे गहाण ठेवली होती, आजपासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मावशीला ते रागावणं कुणी पाठीवरून हात फिरवावा तसं गोड लागलं. "आणि दाढ आजच दाखवा," बाई शेवटी म्हणाल्या. "सूज अंगात तशीच ठेवायची नसते. दाताच्या डॉक्टरला आधी सांगा की दिवस गेलेत, ते त्याप्रमाणे औषध देतील."

"बहुधा?" मावशीनं विचारलं.

"नाही. हे नक्की."

"दाढ काढली की मूल टिकेल?"

"ते नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मावशी घरी गेली तेव्हा सासूबाई मशीनवर होत्या, ओठांत टाचण्या. मावशी त्यांच्यासमोर बसली आणि एका दमात म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत. दाढ पिकलीये, ती उद्या दाखवणार आहे. आणि मागच्या वेळचं कशानं गेलं, ते कुणालाच माहीत नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही."

मशीन थांबलं. सासूबाईंनी टाचण्या एकेक करून ओठांतून काढल्या आणि डबीत ठेवल्या. मावशी वाट बघत होती की आता फुटणार. पण त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, कारण सापडलं तर पुढच्या वेळी ते टाळता येईल. एवढंच गं." मग डबीचं झाकण लावत त्यांनी विचारलं, "मग आता काय टाळायचं?"

"माहीत नाही," मावशी म्हणाली. काय टाळायचं ते माहीत नसलेल्या दोन बायका एका घरात किती घाबरलेल्या असू शकतात, ते लिहून सांगण्यासारखं नाही.

दाताच्या डॉक्टरनं आधी औषध दिलं आणि मग दाढ काढली. बधिर केलेला ओठ लोंबत असताना मावशी घरी आली आणि तिला दोन दिवस पातळ खाण्यावर काढावे लागले. सूज उतरली. पोटात मात्र काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. कुठे जरा टोचलं, कुठे जरा ओढलं, की तिचा जीव टांगणीला लागायचा. आता तर स्वतःला दोष द्यायचीही सोय उरली नव्हती. दोष द्यायला काही असलं की माणसाला निदान उद्योग असतो.

सोनोग्राफीच्या दिवशी नवरा बरोबर आला. खोलीत अंधूक उजेड होता. डॉक्टरीण तीच, 'होतं असं' म्हणणारी. पोटावर गार जेल लावून तिनं यंत्र फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. मावशी छताकडे बघत होती. मग डॉक्टरणीनं पडदा तिच्याकडे वळवला. करड्या धुक्यात एक ठिपका लपलप करत होता.

"हे हृदय," डॉक्टरीण म्हणाली. "आत्ता तरी छान चाललंय."

मावशीनं पाहिलं आणि तिला रडू फुटलं. थांबेचना. डॉक्टरणीनं सवयीनं कागदी रुमाल पुढे केला आणि 'होतं असं' म्हणून ती बाहेर गेली. नवरा गोंधळून गेला. "अगं, चांगलंच सांगितलं ना त्यांनी? ठीक आहे ना सगळं?"

"याचं नाही," मावशी म्हणाली. तिला शब्द सापडत नव्हते, ते रडण्यातून एकेक करून काढावे लागत होते. "ते मागचं. त्याच्यासाठी मी रडलेच नाही हो. मी सगळ्यांना उत्तरंच देत बसले."

तो डॉक्टरणीच्या गोल स्टुलावर बसला, ते फिरलं, त्यानं पाय टेकून ते थांबवलं. मग खाली फरशीकडे बघत म्हणाला, "ते असतं तर आता बसायला लागलं असतं."

मावशी रडायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली. वर्षभर तिला वाटत होतं की हा माणूस नुसतं कारण शोधतोय.